मदत हवी आहे: मालिकेच्या शेवटी बेडकाचा लोगो

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यातले चौघे मित्र यूट्यूबसाठी छोटी मालिका करतोय. प्रत्येक भागाच्या शेवटी ४ सेकंदांचा कार्टून लोगो हवाय: तलावपाळीवर बोटीत बसलेला बेडूक, दर वेळी वेगळं ओरडणारा. ‘बफी’ या अमेरिकी मालिकेच्या शेवटी म्युटंट एनिमी या निर्मिती कंपनीचा राक्षस गुरगुरत पडदा ओलांडायचा, तसा. एमटीएम या टीव्ही कंपनीच्या लोगोतलं मांजर तर थेट एमजीएम या सिनेमा कंपनीच्या सिंहाची नक्कल. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलिसांवरच्या मालिकेला ते पोलिसाची टोपी घालायचं! फार जीव आहे माझा असल्या लोगोंवर.

सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे ९६ चित्रं. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर ४८. तेवढी हाताने काढू. पण मग बोट धक्के खात चालल्यासारखी दिसेल का? आणि क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तोंडाचा लेयर (थर) वेगळा ठेवून दर भागाला तेवढाच कसा बदलायचा? ठाणे-कळव्यात कोणी समोर बसून दाखवणार असेल तर आम्ही येऊ.