मदत हवी आहे: कापलेल्या ली-एनफिल्डला पुन्हा फौजी रूप द्यायचंय

टेक्सासात राहतो, जुन्या लष्करी रायफलींचा नाद आहे. नुकतीच बंगालातल्या इशापूर कारखान्याची ली-एनफिल्ड (ब्रिटिश-भारतीय फौजेची जुनी रायफल), नंबर १ मार्क ३* मिळाली. मुकुट, जीआरआय (राजा जॉर्जची आद्याक्षरं), १९४१, सगळे छाप स्पष्ट. नळी शाबूत, पण कुण्या शिकाऱ्याने पुढचं लाकूड अर्ध्यात कापलंय आणि वरचं हॅण्डगार्ड (नळीवरचं लाकडी आवरण) गायब. (असं करवतं तरी कसं!) १९४१ साली इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या हाती होती तशी ती दिसायला हवी, आणि रेंजवर चालवायचीही आहे.

जुनं, तेल प्यायलेलं फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) शोधू की नवं अक्रोडाचं घेऊ? इशापूरवाले लाकूड फुटू नये म्हणून आडवा स्क्रू घालायचे, तो नव्यातही घालावा का? फोरएंडचा मागचा भाग रिसीव्हरला (नळी बसते त्या धातूच्या मुख्य भागाला) घट्ट टेकला नाही तर नेम भरकटतो. ती बैठक कुणी हाताने जुळवली आहे का? चकचकीत वार्निश मात्र सुचवू नका.