ट्रायग्लिसराइड ६१२, यकृताचे एन्झाइमही वाढलेत, मग चरबी साफ का होत नाही?

गोरेगावकर
भावाचा रिपोर्ट: टोटल कोलेस्टेरॉल २६२, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३१, ट्रायग्लिसराइड ६१२, एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) ७४. एलडीएलचा ('वाईट' कोलेस्टेरॉलचा) रकाना कोराच. रक्तातली चरबी यकृताचे एन्झाइम साफ करतात असं वाचलं. ते तर वाढलेत! मग अडलंय कुठे? सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, लवकर सांगा.

ट्यूबवाला
रक्त उपाशीपोटी दिलं का? वय, दारू, शुगर काहीच लिहिलेलं नाही.

गोरेगावकर
उपाशीच. फक्त चहा-खारी, लोकल पकडायची होती. दारू नाही. रकाना कोरा का ते सांगा ना.

ट्यूबवाला
चहा-खारी म्हणजे उपाशी नव्हे. अर्थात एवढ्याने ६१२ होत नाही. बारा तास फक्त पाण्यावर राहून पुन्हा द्या.
एलडीएल बहुधा सूत्राने काढतात: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की सूत्र फसतं. इथे १०९ येईल, खऱ्यापेक्षा कमी, आणि तुम्ही उगाच निश्चिंत व्हाल. 'डायरेक्ट एलडीएल' मागा. तोवर टोटलमधून एचडीएल वजा करा: २३१. चांगला आकडा नाही.

सायली_बायोकेम
मूळ गोंधळ तसाच राहिला. एसजीपीटी चरबीला हात लावत नाही, त्याचं काम अमिनो आम्लांवर. यकृताची पेशी दुखावली की तो रक्तात गळतो. ७४ ही गळती आहे.
ट्रायग्लिसराइड तोडतो लायपोप्रोटीन लायपेज, आणि तो स्नायू व मेदातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर बसलेला असतो. उरलेले कण यकृत ओढून घेतं.

अनिरुद्ध_ठाणे
हेपॅटिक लायपेज विसरलात. तो यकृतातलाच. तोच वाढवायला हवा.

सायली_बायोकेम
नको. तो जास्त चालला की एलडीएलचे कण बारीक आणि दाट होतात, एचडीएल घटतं.

अनिरुद्ध_ठाणे
आणि नसलाच तर उरलेले कण साचतात, तेही लिहा.

घाण्याचं_तेल
स्वयंपाकाला तेल कोणतं? चार माणसांना महिन्याला किती लिटर? आधी ते बघा.

ट्यूबवाला
तेलाचं कुणी विचारलेलं नाही. नमुना शिल्लक असेल तर ट्यूब रात्रभर ४ अंशांवर उभी ठेवायला सांगा. वर साय धरली तर खाण्यातून आलेली चरबी. साय नाही आणि सगळं गढूळच राहिलं, तर यकृताने बनवलेलं व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण.

गोरेगावकर
वय ४४. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.४. मधुमेहाची गोळी महिनाभर बंद आहे.

सायली_बायोकेम
हे आधी सांगायचं! इन्सुलिनचा जोर कमी पडला की लायपोप्रोटीन लायपेज मंदावतो. शिवाय मेदातून फॅटी आम्लं सुटतात, यकृत त्यांचं व्हीएलडीएल करून परत रक्तात सोडतं. आवक वाढली, उपसा घटला. यकृतातही चरबी साठत असेल, एसजीपीटी बहुधा त्यामुळेच. सोनोग्राफीचं विचारा.
सोमवारपर्यंत थांबू नका. पोटात वरच्या बाजूला दुखून कळ पाठीत गेली, उलट्या झाल्या, तर तडक इस्पितळ गाठा. ट्रायग्लिसराइड एवढं चढलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

गोरेगावकर
फोन केला. पोट दुखत नाहीये. उद्या साडेनवाला क्लिनिक उघडतं, रिपोर्ट आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन दोघं जातोय.