पहिला गेमिंग पीसी : ही यादी एकमेकांना बसते का? (सांगली, बजेट ८० हजार)

वाळवा_गेमर

नमस्कार. पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडणार आहे. मॉनिटर सोडून बजेट ८० हजार. दोन दुकानांतली कोटेशनं आणि व्हिडिओ बघून यादी केलीय ती अशी :

प्रोसेसर रायझन ५ ७६०० (ट्रे, म्हणजे कंपनीच्या डब्याशिवाय सुटा), मदरबोर्ड बी४५०एम, रॅम डीडीआर४ ३२०० १६ जीबीची एकच स्टिक, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० ८ जीबी, एसएसडी ५१२ जीबी एम.२, कॅबिनेट समोरून बंद काचेचं, तीन आरजीबी फॅन आणि सोबत येणारा ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). मॉनिटर २४ इंची फुल एचडी १६५ हर्ट्झ. जुन्या कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस घरी आहे, तोच लावावा म्हणतो.

जास्त करून व्हॅलोरंट, शिवाय एखाद-दुसरा मोठा गेम. खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली आहे, एप्रिल-मेमध्ये चांगलीच तापते. लाइटही अधूनमधून जाते. यातलं काय चुकतंय? पैसे कुठं वाचवू आणि कुठं वाचवू नको?

मिरज_बेंच

भावा, अजून काही विकत घेतलं नाहीस हे बरं झालं. या यादीतला प्रोसेसर आणि बोर्ड एकमेकांना बसतच नाहीत.

रायझन ५ ७६०० हा एएम५ सॉकेटचा. बी४५० बोर्ड एएम४ चा. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून हा फरक मिटत नाही, कारण बांधणीच वेगळी आहे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि बोर्डावर भोकं. एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात, १७१८, आणि प्रोसेसरच्या पोटाला सपाट टिकल्या. 'एएमडीचं सगळं एकच' असं कोणी सांगितलं असेल तर ते एएम४ च्या काळातलं आहे. तेव्हाही जुन्या बी४५० वर रायझन ५००० मालिका चालवायला आधी बायोस अपडेट लागायचाच.

रॅमचंही तेच. एएम५ फक्त डीडीआर५ घेतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलास तर स्लॉट तुटेल.

म्हणजे दोनच रस्ते. एक : रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, डीडीआर४ रॅम. दुसरा : तुझा ७६००, बी६५०एम बोर्ड, डीडीआर५. मी दुसराच सांगेन. एएम५ २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलंय. तीन वर्षांनी बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल. एएम४ चांगला होता, पण त्याची वाट संपलेली आहे. नवीन माणसानं तिथं पैसे घालू नयेत.

बजेट ताणलं तर बी६५० ऐवजी ए६२० बोर्ड चालेल. त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरलेल्या वेगापुढं नेता येत नाही), पण रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम डब्यावरच्या वेगानं चालवणारं सेटिंग) चालतं, आणि ७६०० ला तेवढं पुरतं. मात्र पुढं आठ कोरचा एक्स३डी (जास्त कॅशवाला, गेमसाठीचा) प्रोसेसर टाकायचा विचार असेल तर ए६२० चे स्वस्त बोर्ड टाळ. त्यांच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) अनेकदा हीटसिंकच नसतो.

रॅम १६ जीबीच्या दोन स्टिकचा किट, डीडीआर५ ६०००, सीएल३० (प्रतिसादाचा आकडा, कमी तितका बरा) घे. रॅमचे भाव महिन्या-महिन्याला हलतात. दोन स्टिक आवाक्यात नसतील तर १६ ची एक घे आणि पुढं त्याच मॉडेलची दुसरी. दोन्ही मिळून ६००० ला स्थिर राहिल्या नाहीत तर ५६०० वर आणून बघायचं. पण चार स्टिकचा मोह नको. चार स्लॉट भरले की या प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. दोनच असतील तर ५२०० अधिकृत, आणि ६००० एक्स्पोने.

आणि 'ट्रे' प्रोसेसर का? बॉक्समध्ये रेथ स्टेल्थ कूलर येतो आणि एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमध्ये बहुधा कूलर नसतो आणि वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच. फरक दोन हजारांच्या आत असेल तर डोळे झाकून बॉक्स.

कराड_पॉवर

वरचं सगळं बरोबर. मी विजेचं सांगतो, कारण आपल्याकडं पार्ट तिथंच मरतात.

आधी हिशेब. ७६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत ओढतो. आरटीएक्स ५०६० ची मर्यादा १४५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन मिळून ५०-६० धरा. २९० च्या आसपास झालं. मग ४५० पुरेल असं वाटतं, पण कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर लिहिलेला आकडा विश्वासाचा नसतो. त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर आहेत ते बघा. १२ ने गुणलं की खरे वॅट कळतात. ग्राफिक्स कार्डासाठी ६+२ पिनचा प्लगही त्यात अनेकदा नसतो आणि मग लोक मोलेक्सचं (जुन्या ४ पिनच्या प्लगचं) कन्व्हर्टर लावतात. ते लावू नका, मोलेक्सची पिन तापून वितळते.

५५० किंवा ६५० वॅट, ब्राँझ, निदान पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस वेगळा घ्या. ५०६० साठी एनव्हिडियाही ५५० च सांगते. ब्राँझ-गोल्ड हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. ओव्हरव्होल्टेज, शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, हे डब्यावर वेगळं वाचावं लागतं. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर त्याच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीच लावायच्या नाहीत. प्लग बसतो, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असते आणि डिस्क जळते.

यूपीएस : ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. पीसी २९०, मॉनिटर २५-३०. कागदावर बसतंय, पण गेम चालू असताना लाइट गेली की जुनी बॅटरी एवढा भार एकदम घेत नाही आणि सगळं धाडकन बंद होतं. १००० ते ११०० व्हीए घ्या आणि त्यावर वॅट किती लिहिलेत ते बघा. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतो. काही स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड लहरींवर तो अडखळतो, म्हणून परवडला तर प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) यूपीएस घ्या. यूपीएस गेम पुढं खेळायला नाही, पाच-दहा मिनिटांत सेव्ह करून बंद करायला आहे.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बदलायला जास्त वेळ लागतो, आणि एसएमपीएस पूर्ण भारावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा पीसी लावूच नका.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. मल्टिमीटरने सॉकेट तपासा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ कमी दिसलं किंवा आकडा हलत राहिला तर अर्थिंग नाही असं समजा. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. कारण एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळं अर्थ नसलेल्या पत्र्यावर मेनच्या निम्मं व्होल्टेज चढतं. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. तिथं पाणी घालत राहा, तरी आकडा सुधारला नाही तर वायरमनला बोलवा. हे पीसी आणायच्या आधी करायचं काम आहे.

वाळवा_गेमर

मिरज दादा, कराड दादा, मनापासून आभार. ७६०० बॉक्स, बी६५०एम, ६५० वॅट असं ठरवतो. आता तीन गोष्टी विचारतो. एसएसडी एम.२ म्हणजे फास्टच ना? कॅबिनेट कुठलं बघू? आणि लिक्विड कूलर लागेल का, खोली तापते म्हणून?

तासगाव_०७

एम.२ हा आकार आहे, वेग नाही. त्याच आकारात साटा (जुन्या, संथ जोडणीची) एसएसडीही मिळते, ती सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते. वर एएम५ च्या बहुतेक बोर्डांच्या एम.२ स्लॉटमध्ये साटावाली ओळखलीच जात नाही. डब्यावर 'एनव्हीएमई' आणि 'जेन ४' वाचूनच घे, लांबी २२८०. ५१२ जीबीत विंडोज आणि तीन-चार मोठे गेम टाकले की जागा संपते, म्हणून १ टीबी.

लिक्विड नको. खोलीतलीच हवा तो कूलर वापरणार. खोली ४० अंशांवर असेल तर पाणी काही ती थंड करून देत नाही. सोबतचा रेथ स्टेल्थ ७६०० ला सांभाळतो, फक्त उन्हाळ्यात आवाज करतो. आवाज नको असेल तर चार हीटपाइपचा सिंगल टॉवर एअर कूलर लाव. हा प्रोसेसर ९५ अंशांवर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही.

पैसे कॅबिनेटच्या हवेवर घाल. समोर बंद काच म्हणजे फॅन हवा ओढायला तडफडतात. समोर जाळी हवी, पुढं दोन फॅन आत ओढणारे, मागं एक बाहेर टाकणारा. फॅनच्या ज्या बाजूला प्लॅस्टिकची आडवी तंगडी दिसते त्या बाजूनं हवा बाहेर पडते, हे लक्षात ठेवून लाव. जाळीला धूळ-गाळणी असू दे आणि महिन्यातून एकदा ती धुऊन वाळवून बसव.

तीन मापं कॅबिनेटच्या पानावर बघायची : बोर्ड मायक्रो-एटीएक्स मावतो का, कूलरची उंची (टॉवर कूलर १५५ मिमीच्या आसपास असतात), ग्राफिक्स कार्डाची लांबी. दिलेली लांबी बहुधा पुढचे फॅन न धरता असते, त्यातून फॅनच्या जाडीचे २५ मिमी वजा कर. तीन फॅनचं कार्ड ३०० मिमीच्या घरात जातं, ५०६० साठी दोन फॅनचं पुरतं.

आणखी एक. लाइटवाल्या फॅनचे दोन प्रकार असतात, ५ व्होल्ट ३ पिन आणि १२ व्होल्ट ४ पिन. ५ व्होल्टच्या दिव्यांची वायर १२ च्या हेडरला (बोर्डावरच्या पिनांना) लावली की दिवे कायमचे गेले. बोर्डावर कुठलं हेडर आहे ते बघूनच फॅन घे. मोलेक्सवर चालणारे फॅन कायम पूर्ण वेगानं घोंगावतात, ते नको.

मिरज_बेंच

आता जोडणीचं, कारण बोर्ड तिथं जातात.

एएम५ च्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिक झाकण प्रोसेसर ठेवेपर्यंत काढू नकोस. सॉकेट उघड, सोन्याचा त्रिकोण त्रिकोणाला जुळव, प्रोसेसर अलगद ठेव, दांडी दाब. झाकण आपोआप उडतं. ते डब्यात जपून ठेव, बोर्ड वॉरंटीला पाठवताना लागतं. वाकलेल्या पिना वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून कुरिअरनं बोर्ड आला तर डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ काढ आणि सॉकेटचा जवळून फोटो. दुकानातून घेतलास तर काउंटरवरच बघून घे. जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घे.

रेथ स्टेल्थ लावताना बोर्डावरचे दोन प्लॅस्टिक ब्रॅकेट काढायचे, मागची पट्टी ठेवायची. चार स्क्रू कोपऱ्याआड कोपरा, थोडे थोडे आवळ. टॉवर कूलर असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढली का ते दोनदा बघ.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एकच असेल तर दुसऱ्या. 'टक' आवाज आला पाहिजे.

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून चालवून बघ. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स असतं, त्यामुळं कार्ड न लावता बोर्डाच्या एचडीएमआयवर चित्र येतं. २४ पिन आणि वरचा ८ पिनचा सीपीयू प्लग, दोन्ही लाव. तो ८ पिन ४+४ असतो, ग्राफिक्सचा ६+२. अदलाबदल करायला जाऊ नकोस. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर जोडल्या की सुरू होतो.

पहिल्यांदा डीडीआर५ ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. स्क्रीन पाच-दहा मिनिटं काळी राहू शकते. इथंच माणसं घाबरून बटण दाबून बंद करतात. करू नकोस. बोर्डावरचे चार दिवे बघ : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहिला तर वाट बघ. अर्ध्या तासानंतरही तोच असेल तर बंद करून एकच स्टिक ठेवून पुन्हा सुरू कर.

चित्र आलं की आधी बायोस अपडेट, मग एक्स्पो. २०२३ मध्ये एएम५ चे काही प्रोसेसर जास्त एसओसी व्होल्टेजमुळं (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजमुळं) जळाले, त्यानंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलंय. एक्स्पो चालू नाही केलंस तर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहील.

वाळवा_गेमर

सगळं वहीत लिहून घेतलं. कार्ड लावल्यावर मॉनिटरची केबल कुठं?

तासगाव_०७

कार्डाला, बोर्डाला नाही. बोर्डाला राहिली तर ५०६० रिकामं बसतं आणि गेम त्या छोट्या ग्राफिक्सवर अडखळत चालतात. डिस्प्लेपोर्टची केबल वापर आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ हर्ट्झ स्वतः निवड, बरेचदा ते ६० वरच राहतं.

व्हॅलोरंट खेळणार आहेस म्हणून : विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) दोन्ही चालू लागतात. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू करण्याची सोय) बंद, आणि डिस्क जीपीटी (नवी विभागणी, जुनी ती एमबीआर). विंडोज टाकायच्या आधीच हे कर, पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरेल. नंतर बदलायला गेलास तर एमबीआर डिस्कवरचं विंडोज उठतच नाही.