पाणीपुरवठ्याच्या दिवंगत सेवकाचे स्मरण कसे करावे?

कसबेकर: आमच्या भागात महापालिकेचे व्हॉल्व्हमन म्हणून उभी हयात काढलेले गृहस्थ गेल्या महिन्यात निवर्तले. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर घेऊन ते पहाटे गल्लीच्या तोंडाशी हजर असत, आणि गळतीचा संशय आला की तोच दांडा वाहिनीवर टेकवून, त्याला कान लावून, नेमके कुठे खणायचे ते सांगत. पाणी सोडून ते निघून जात नसत. चढावरच्या शेवटच्या वाड्यातल्या नळाला धार आली की नाही, हे स्वतः पाहून मगच पुढे जात. चौकाला त्यांचे नाव द्यावे असे रहिवाशांना वाटते. त्यासाठी काय करावे लागेल, आणि याहून योग्य असे काही आपणास सुचते का?

मुठाकाठ: प्रथम त्यांच्या कुटुंबीयांची संमती घ्यावी. नामकरणाचे प्रस्ताव महापालिकेच्या नाव समितीपुढे जातात, तेव्हा रहिवाशांच्या सह्यांचे निवेदन आपल्या नगरसेवकांकडे द्यावे. मात्र केवळ पाटीवर थांबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. महापालिका भवनाजवळच्या स. गो. बर्वे चौकातून रोज हजारो पुणेकर जातात. परंतु १९५० मध्ये महापालिका स्थापन झाल्यावर तिचे पहिले आयुक्त तेच होते, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर पुनर्वसनासाठी शासनाने त्यांनाच पुन्हा पुण्यात धाडले होते, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याचे कामही जर नावामागे झाकले जाते, तर व्हॉल्व्हमनचे काम पाटीवरून कोणाला कळणार? निदान पाटीखाली चार ओळींत ते काय करीत असत, हे लिहावे.

निवृत्त अभियंता: मी पाणीपुरवठ्याच्याच कामात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडला म्हणजे खालच्या गल्लीचा दाब न तुटता वरच्या वाड्यांना पाणी चढते, हे पेठांतल्या जुन्या वाहिन्यांवर नकाशा पाहून कळत नाही. ते वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला कळते, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जाते. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत वाहिन्या बदलत असल्या, तरी जुन्या जोडण्या कुठे गाडल्या आहेत याची माहिती दुरुस्तीच्या वेळी लाखमोलाची ठरते. त्यांच्याबरोबर काम केलेले बिगारी आणि सध्याचे व्हॉल्व्हमन यांना एकत्र बसवून, प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, आटे आणि पाणी सोडण्याचा क्रम एका वहीत लिहून काढावा, त्या वहीवर त्यांचे नाव घालावे आणि एक प्रत विभागाच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्यावी. माझ्या मते त्यांचा खरा गौरव तोच होईल. शोकसभेतही व्यासपीठावर पुढाऱ्यांऐवजी त्यांच्या या सहकाऱ्यांना बोलू द्यावे.

कसबेकर: दोघांचेही मनापासून आभार. त्यांच्या मुलाशी आजच बोललो. वहीची कल्पना त्यांना पाटीपेक्षा अधिक भावली. काही रहिवाशांना त्यांची चावी काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी मागून घ्यायची आहे. ते रास्त होईल का?

निवृत्त अभियंता: चावी मागू नये. ती विभागाची आहे आणि त्यांच्या जागी आलेला सेवक आज तिनेच पाणी सोडत असणार. छायाचित्र घ्यावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लावावे.