पहिली खरेदी : एक चांगली स्टिक, की स्टिक-थ्रॉटलचा जोडसंच?

धागाकर्ता : नैऋत्यवारा

घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा छंद जडला की काही आठवड्यांतच की-बोर्डवरचे बाण अपुरे वाटू लागतात आणि नियंत्रक कोणता घ्यावा याचा विचार सुरू होतो. गेल्या वर्षभरात परिचयातील तिघांनी मला हा प्रश्न विचारला आणि तिघांनाही मी एकच उत्तर दिले: हातात पैसे मोजके असतील तर स्टिक (विमान कलवण्याचा दांडा) आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी मूठ) एकाच खोक्यात देणारा स्वस्त जोडसंच घेऊ नका, सगळे पैसे एका चांगल्या स्टिकवर खर्च करा आणि थ्रॉटल पुढच्या वर्षावर ढकला. हे मत येथे मांडण्याचा हेतू इतकाच, की ज्यांना ते पटत नाही त्यांची कारणे मला समजून घ्यायची आहेत.

माझे पहिले कारण सेन्सरचे आहे. स्वस्त स्टिकमध्ये बहुधा पोटेंशियोमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक बारीक जीभ घासत सरकते आणि त्यावरून दांड्याची जागा मोजली जाते. घासणारी वस्तू झिजते, पट्टीवर धूळ बसते आणि मग दांडा स्थिर असतानाही संगणकाला मिळणारे आकडे थरथरू लागतात. माझी पहिली स्टिक अशीच होती. दोन पावसाळ्यांनंतर हात लावला नसतानाही विमान डावीकडे कलू लागले. ते झाकण्यासाठी मी सेटिंगमध्ये डेडझोन वाढवत गेलो आणि शेवटी दांड्याच्या मध्याभोवतीचा एवढा भाग निर्जीव झाला, की धावपट्टीला टेकण्यापूर्वी लागणारी बारीक दुरुस्ती करणेच अशक्य होऊन बसले. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिलेल्या परिणामावर चालणाऱ्या चुंबकीय सेन्सरमध्ये चुंबक दांड्याबरोबर हलतो, सेन्सर जागीच राहतो आणि दोघांचा स्पर्श होत नाही, त्यामुळे घासून झिजण्यासारखे तेथे काही नसते. थ्रस्टमास्टर कंपनीच्या टी.१६०००एम या स्टिकमध्ये हीच रचना असून तिच्या दोन्ही मुख्य अक्षांवर प्रत्येकी १६,३८४ पायऱ्या मोजल्या जातात. व्हीकेबी कंपनीच्या ग्लॅडिएटर एनएक्सटी या स्टिकमध्येही स्पर्शरहित सेन्सर आहेत, शिवाय तिच्या स्प्रिंगा बदलता येतात.

दुसरे कारण आपण काय उडवतो याचे आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एअरबस ए३२० उडवतात. या विमानाची साइडस्टिक मुळातच स्प्रिंगने मध्यावर येणारी आहे. वैमानिक दांड्याने कल मागतो. दांडा सोडला तरी ३३ अंशांपर्यंतचा कल विमान तसाच धरून ठेवते आणि ट्रिमही (दांडा सतत धरून न ठेवता विमान समतोल राहावे यासाठीची जुळवणी) स्वतःच साधते. त्यामुळे आपल्या टेबलावरची साधी स्टिक जितकी ए३२०च्या जवळ जाते, तितकी दुसऱ्या कोणत्याही विमानाच्या जवळ जात नाही. याउलट त्याच विमानात थ्रॉटलच्या हाताला काम किती आहे ते पाहा. उड्डाणासाठी तो पुढे न्यायचा, साधारण १,५०० फुटांवर ‘क्लाइंब’च्या खाचेत आणायचा, आणि मग उतरताना २० फुटांवर ‘रिटार्ड’ अशी सूचना ऐकू येईपर्यंत ऑटोथ्रस्ट (इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असल्यास त्याला स्पर्शही करावा लागत नाही. एवढ्या तीन-चार हालचालींसाठी निम्मे पैसे का घालवावेत? टी.१६०००एमच्या तळाशी असलेली लहान सरकपट्टी त्यासाठी पुरेशी आहे.

प्रतिसाद : दोन_इंजिने

आपले सेन्सरविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आपण एका विमानाच्या सोयीने सर्वांसाठी नियम केला आहे.

मी डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये एफ/ए-१८सी हे लढाऊ विमान उडवतो. विमानवाहू जहाजावर उतरताना वैमानिक विमान ठरावीक हल्ल्याच्या कोनावर (पंख आणि समोरून येणारी हवा यांमधील कोनावर), म्हणजे ८.१ अंशांवर, बसवून ठेवतो आणि उतरणीच्या रेषेवर राहण्यासाठी वरखाली होणे थ्रॉटलने साधतो. तेथे उजवा हात जवळपास स्थिर असतो आणि डावा हात सेकंदासेकंदाला किंचित पुढे, किंचित मागे होत राहतो. हवेत इंधन घेतानाही तेच. तळाशी असलेल्या लहान सरकपट्टीवर हे करून पाहा. अंगठ्याने एक मिलिमीटर जास्त सरकले की शक्तीत होणारा बदल इतका मोठा असतो, की दुरुस्तीची दुरुस्ती करण्यातच सगळा वेळ जातो. शिवाय या विमानांचा थ्रॉटल केवळ इंजिनासाठी नसतो. रडारवरील लक्ष्यावर खूण नेणे, अँटेना वरखाली करणे, स्पीडब्रेक, रेडिओ, ही सगळी बटणे त्याच्यावरच असतात, कारण लढाईत वैमानिकाने कोणताही हात नियंत्रणावरून उचलू नये असाच त्या मांडणीचा उद्देश आहे. थ्रॉटल पुढच्या वर्षावर ढकलणे म्हणजे निम्मे विमान की-बोर्डवर ठेवून उडणे होय.

आणि आपण ज्या स्टिकची शिफारस केली, तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. टी.१६०००एमच्या दोन मुख्य अक्षांवर चुंबकीय सेन्सर आहेत हे खरे, पण दांडा पिळून सुकाणू (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा भाग) फिरवण्याचा जो तिसरा अक्ष आहे, तो पोटेंशियोमीटरवरच चालतो. माझ्याकडे ही स्टिक होती आणि पहिल्यांदा थरथरू लागला तो हाच अक्ष. म्हणजे ज्या दोषापासून वाचण्यासाठी आपण जोडसंच नाकारता, तो दोष आपण सुचवलेल्या वस्तूतही आहेच.

स्वस्त जोडसंचातही फरक असतात, हेही लक्षात घ्यावे. टी.फ्लाइट होटास एक्स या जोडसंचाचा थ्रॉटल स्टिकपासून वेगळा काढता येतो, पण त्याच्या मार्गात नेमका मध्यावर एक खटका आहे आणि बारीक काम करताना तोच आडवा येतो. तो संच मी कोणालाही सुचवणार नाही. पण म्हणून थ्रॉटलच नको असे ठरत नाही.

प्रतिसाद : लोहगाव_पाहणारा

आपण दोघेही हातांविषयीच बोलत आहात. माझ्या मते थ्रॉटलच्या आधी पायांची, म्हणजे सुकाणू फिरवणाऱ्या पेडलांची, सोय झाली पाहिजे.

एक प्रयोग सुचवतो. प्रत्यक्ष हवामान चालू ठेवून जुलै महिन्यात मुंबईच्या १४ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरून पाहा. धावपट्टीची दिशा साधारण १४० अंश. पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा साधारण २२५ अंशांकडून येतो. म्हणजे तो विमानाच्या उजव्या कुशीवर जवळजवळ काटकोनात आदळतो. विमान नाक वाऱ्याकडे वळवून तिरकेच खाली येते आणि चाके टेकण्याच्या बेतात असताना नाक सुकाणूने धावपट्टीच्या रेषेत आणावे लागते, तर त्याच क्षणी उजवा पंख किंचित खाली ठेवण्यासाठी दांडा विरुद्ध बाजूला धरावा लागतो. आता हे दोन्ही एकाच मनगटाने करायचे, म्हणजे दांडा डावीकडे पिळायचा आणि उजवीकडे झुकवायचा. मी सहा महिने हे करून पाहिले. पिळताना दांडा थोडा झुकतो आणि झुकवताना थोडा पिळला जातो, आणि सेन्सर कितीही चांगला असला तरी मनगटाची ही अडचण सुटत नाही. साधी पेडल जोडल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी लँडिंग सुधारली.

(पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून सुखोई उतरताना पाहण्याची मला लहानपणापासून सवय आहे. तेव्हा त्यांची नाके धावपट्टीपासून थोडी तिरकी का असतात हे कळत नसे. पेडल वापरू लागल्यावर ते कळले.)

प्रतिसाद : एक_सात_दोन

मी सध्या वैमानिक प्रशिक्षण घेत आहे आणि सेस्ना १७२ वर शिकत आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. आमच्या विमानात डावा हात योकवर (स्टिकऐवजी असणाऱ्या चक्रासारख्या मुठीवर) आणि उजवा हात थ्रॉटलच्या काळ्या मुठीवर असतो. ज्याला पुढे खरोखर उडायचे आहे, त्याने उजव्या हाताने स्टिक धरण्याची सवय लावून घेऊ नये. त्याने योक घ्यावा. शिवाय आम्हाला पहिल्याच तासांमध्ये शिकवले जाते, की अंतिम टप्प्यात वेग नाकाच्या कोनाने आणि उतरण्याचा दर शक्तीने सांभाळायचा. हे शिकताना थ्रॉटलवरचा हात एक क्षणही निघत नाही, त्यामुळे थ्रॉटलबाबत मी दोन_इंजिने यांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद : नैऋत्यवारा (धागाकर्ता)

तिघांचेही आभार. काही गोष्टी मी मान्य करतो, काही नाही.

लढाऊ विमाने उडवणाऱ्यांबाबत माझा सल्ला चुकीचा होता. जहाजावर उतरण्याचा अनुभव मला नाही आणि थ्रॉटलवरच्या बटणांचा विचार मी केलाच नव्हता. पिळण्याच्या अक्षाबद्दलही माझे म्हणणे अर्धवट होते. मात्र टी.१६०००एमचा तो अक्ष कुलूपबंद करता येतो, आणि त्याच कंपनीचा टीडब्ल्यूसीएस हा थ्रॉटल स्वतंत्रपणे विकत मिळतो, ज्याच्या पुढील बाजूस बोटांनी दाबण्याची सुकाणूची पट्टी आहे. म्हणजे आज स्टिक घेऊन उद्या थ्रॉटल जोडला, तर पिळण्याचा अक्ष बंद ठेवून सुकाणू दुसऱ्या हातावर सोपवता येते आणि मनगटाची जी अडचण लोहगाव_पाहणारा यांनी वर्णन केली ती बऱ्याच अंशी दूर होते. जोडसंचात हा मार्ग राहत नाही. त्यातला एक भाग बिघडला की दुसराही अडगळीत जातो.

योकबद्दल मात्र मी असहमत आहे. खऱ्या सेस्नामध्ये योकवर हवेचा दाब जाणवतो आणि ट्रिमचे चाक फिरवून तो दाब नाहीसा करायचा असतो. योक जेथे आहे तेथेच राहतो आणि हातावरचा भार तेवढा उतरतो. घरच्या योकमध्ये, काही महागडे अपवाद वगळता, स्प्रिंगच असते. ट्रिम बदलला की आपल्याला तो हळूहळू मध्यावर आणावा लागतो, म्हणजे स्टिकवर जे करावे लागते नेमके तेच. तेव्हा योकने हाताची जागा बरोबर येईल, पण हाताला होणारी जाणीव बरोबर येणार नाही, आणि प्रशिक्षणार्थीसाठी ट्रिमची जाणीव अधिक मोलाची आहे असे मला वाटते. डाव्या हाताचाच प्रश्न असेल तर टी.१६०००एम आणि त्याच कंपनीची एअरबस आवृत्तीची साइडस्टिक, दोन्ही डाव्या हातासाठी बदलून घेता येतात. ए३२०चा कॅप्टनही डाव्या हातानेच साइडस्टिक धरतो.

प्रतिसाद : एक_सात_दोन

ट्रिमचा मुद्दा मान्य. सिम्युलेटरवर सराव करून आलेल्या आमच्या एका सहाध्यायाला ट्रिम न वापरता योक सतत ओढून धरण्याची सवय होती आणि ती मोडायला त्याला बरेच तास लागले. तरीही थ्रॉटलबद्दलचे माझे मत कायम आहे.

प्रतिसाद : दोन_इंजिने

थ्रॉटल आणि स्टिक वेगवेगळे घ्यावेत, एका खोक्यातले घेऊ नयेत, एवढ्यापुरते आता आपले एकमत आहे असे मी समजतो; क्रमाबाबत आपले मतभेद राहतील. ज्यांना आयात शुल्क आणि कुरियरचा खर्च परवडत नाही ते जुनी वस्तू घेतात, म्हणून त्यांच्यासाठी एक पद्धत सांगतो. पैसे देण्यापूर्वी स्टिक विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत उघडा. दांडा चारही टोकांना नेऊन हळूच सोडा आणि अधिकची खूण प्रत्येक वेळी त्याच जागी परत येते का ते पाहा. मग दांड्याला हात न लावता पूर्ण एक मिनिट त्या खुणेकडे आणि सुकाणूच्या पट्टीकडे पाहत राहा. दोन्हींपैकी एक जरी थरथरली, तर विकणारा कितीही किंमत कमी करो, ती स्टिक घेऊ नका.