टायबेरियसचं नाणं घ्यायचंय, सल्ला हवा

रानजाई:
नमस्कार मंडळी, मुक्काम लंडन. बाबा पुढच्या महिन्यात पंचाहत्तरीत शिरताहेत. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण रोमन नाणं पाहिलं ते काचेपलीकडूनच. एक त्यांच्या तळहातावर ठेवायचं मनात आहे. रोमन सम्राट टायबेरियसचा चांदीचा डिनॅरियस बघतेय. एकीकडे त्याचं डोकं, दुसरीकडे खुर्चीत बसलेली बाई. 'बायबलमधलं नाणं ते हेच' म्हणत सगळेच भाव चढवतात. घेऊ का? आणि पारखायचं कसं?

जुना खुर्दा:
घ्या, पण बायबलचे पैसे देऊ नका. 'कैसराचे ते कैसराला द्या' या गोष्टीत नाणं डिनॅरियस आहे आणि त्यावर कैसराचं, म्हणजे रोमन सम्राटाचं, चित्र नि लेख आहे, एवढंच येतं. कुठला कैसर, मागे काय, काही नाही. तेव्हा गादीवर टायबेरियस होता (इ.स. 14 ते 37), म्हणून हे चिकटलं.

दुर्मिळ तर मुळीच नाही. बुवाने जवळजवळ सगळी कारकीर्द चांदीत हाच एक छाप चालवला. टांकसाळ गॉलमधलं लुगडुनम, म्हणजे आजचं फ्रान्समधलं लिआँ. हौस कसली ती नाहीच. मेला तेव्हा खजिन्यात 270 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) शिल्लक होते, असं रोमन चरित्रकार स्युटोनियस लिहितो. खुर्चीतली बाई म्हणजे त्याची आई लिव्हिया, हे विक्रेते छातीठोक सांगतील. नाण्यावर तिचं नाव नाही. तिथे आहे 'पॉन्टिफ मॅक्सिम', मुख्य पुरोहित, ही त्याचीच पदवी.

तराजू:
वजन 3.6 ते 3.8 ग्रॅमच्या आसपास, रुंदी 18-19 मिमी. आधी कड भिंगाखाली फिरवा. ओतीव नकलेला कडेने शिवण असते, नाहीतर ती कानशीने घासल्याचे ओरखडे. अंगावर रव्याएवढे फोड. खरं नाणं हातोड्याने ठोकलेलं, त्यामुळे कडेला बारीकशी चीर किंवा लेख एका अंगाला सरकलेला दिसला तर घाबरू नका. नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर तांबूस डोकावलं तर आत तांबं, वर चांदीचा पातळ पत्रा. लबाडी त्याच काळातली, पण चांदीच्या भावात घेऊ नये. माझं पहिलं नाणं तसलंच निघालं. अजून जपून ठेवलंय.

तेरचा पाहुणा:
इतिहासाच्या मास्तरांना हेच द्या! दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीत ऑगस्टस आणि टायबेरियसचीच नाणी भरमसाट, कोइम्बतूरकडे तर हंडेच्या हंडे. इ.स. 64 च्या सुमारास सम्राट नीरोने वजन आणि कस उतरवला. ती हलकी नाणी इकडे फारशी सापडत नाहीत. आपले व्यापारी खुळे नव्हते. त्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचला रोमन सोनं-चांदी देऊन स्थानिक नाणं घेतलं की फायदा होतो असं लिहिलंय, आणि पैठण नि तेरहून भडोचला माल गाड्यांनी यायचा हेही. खुद्द टायबेरियसने इ.स. 22 मध्ये सिनेटला कळवलं होतं की बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांकडे चाललाय.

एक सांभाळा. 100 वर्षांवरचं नाणं आपल्याकडे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. एकदा भारतात नेलंत की परत बाहेर काढता येणार नाही. आणि 'भारतात सापडलेलं' म्हणून कोणी तिकडे विकत असेल तर तिथून निघा.

जुना खुर्दा:
+1. खुर्चीचे पायही बघा, कुठे साधे, कुठे नक्षीचे. बाबांना भिंग द्या सोबत, दोन तास कुठे जातील कळणार नाही.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. आज एक हातात घेतलं. गाल झिजलेला, 'मॅक्सिम'मधला शेवटचा म अर्धा कडेबाहेर, पाय नक्षीचे. दुकानातल्या काट्यावर 3.7 भरलं. उद्यापर्यंत बाजूला ठेवायला सांगितलंय. संध्याकाळी फोटो टाकते.

तराजू:
चेहऱ्याचा नको. कडेचा टाका, चारही बाजूंनी.