मदत हवी आहे: 'हाजिमे नो इप्पो'नंतर भाच्याला काय देऊ?

नमस्कार मंडळी. भाचा आठवीत आहे, बॉक्सिंगच्या क्लासला जातो. त्याला 'हाजिमे नो इप्पो' ही बॉक्सिंगवरची जपानी चित्रकथा (मांगा) वाचायला दिली आणि फसले. त्यातला सीनियर बॉक्सर ताकामुरा नवख्या नायकाला, इप्पोला, झाडावरून गळणारी दहा पानं पकडायला लावतो ना, तेव्हापासून हा रोज संध्याकाळी सोसायटीतल्या बदामाखाली उभा! उच्चांक चार पानांचा. वॉचमनकाका वैतागलेत.

आता पुढचं काहीतरी हवंय. त्याला खऱ्या तंत्राची गोडी लागलीय. इप्पोच्या 'डेम्प्सी रोल' या डावाचं नाव खऱ्या बॉक्सरवरून, जॅक डेम्प्सीवरून आलं, तो १९१९ ते १९२६ हेवीवेट विश्वविजेता होता, हे कळल्यावर पोराने जुन्या चित्रफिती शोधून काढल्या. 'बाकी' नावाची मारामारीची मांगा मीच चाळून बाजूला ठेवली, रक्त फार. 'व्हॅगाबाँड' या सामुराई मांगाची चित्रं अप्रतिम, पण गोष्ट २०१५ पासून अडकलेली, आणि त्याच्या वयाला जडच.

कोरियन मानह्वात (तिकडच्या चित्रकथांत) 'मुरिम'च्या, म्हणजे योद्ध्यांच्या दुनियेच्या गोष्टी ढीगभर आहेत. पण तिथे सगळी भिस्त आंतरिक शक्तीवर, एक तळवा हाणला की डोंगर फुटतो! तायक्वांदो किंवा ज्युदोचा घाम दिसेल असं काही सुचवाल का? छापील असेल तर फारच उत्तम. मोबाइल पुन्हा हातात दिला तर ताई मलाच ठोसा मारेल.